आत्तीचा टीएसएच नॉर्मल होता

परवा कपाट आवरताना आत्तीची जुनी फाईल सापडली. फाईल म्हणजे काय, बेदाण्याच्या व्यापाऱ्याकडनं दिवाळीला आलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळे रिपोर्ट चार घड्या घालून कोंबलेले. २००९, २०१२, २०१४, २०१६. चार वेगवेगळ्या लॅबचे कागद आणि चारीवर टीएसएच, म्हणजे थायरॉईडसाठी करतात ती रक्ताची टेस्ट. २.८, ३.१, १.९, २.४. तिसऱ्या कागदावर कुणीतरी निळ्या पेनानं त्या आकड्याला गोल केलाय, शेजारी लिहिलंय "थायरॉईड नॉर्मल" आणि खाली दोन रेघा मारल्यात. त्या दोन रेघांवर माझी नजर बराच वेळ अडकून बसली.

बरेच दिवस हे लिहीन लिहीन म्हणत होते, आत्तीनं पण सांगितलंय की लिही बाई, माझं नाव नको घालू फक्त. आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशेब बघते, दिवसभर वजनं, हमाली, तोलाई, पट्ट्या. पण थायरॉईडची गोळी मी स्वतः २०१३ पासून खातेय, त्यामुळं या विषयात मला लई कळतं असा माझा समज होता. तो समज कसा उतरला ते पण खाली येईलच.

माझं साधं होतं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर केस गळायला लागले, वजन वाढलं, आवाज घोगरा झाला, एप्रिलमध्ये सांगलीत पंखा बंद कर म्हणून मी नवऱ्याशी भांडायचे, एप्रिलमध्ये! टीएसएच केला तर ३८, नॉर्मलच्या कितीतरी वर. गोळी सुरू, आधी पन्नास मायक्रोग्रॅम, मग पंच्याहत्तर. डॉक्टरांनी सांगितलं सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, निदान अर्धा तास चहा नाही. आता आमच्या घरात डोळे उघडायच्या आत चहाचं आधण असतं, तो अर्धा तास म्हणजे शिक्षाच. पहिलं वर्ष मी चहाबरोबरच गिळली, वर डॉक्टरबाईंनी कॅल्शियम दिलेलं तेही त्याच घोटाबरोबर, आणि टीएसएच का खाली येत नाही म्हणून डॉक्टरला बोल. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळीत आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर लागतं, नाहीतर ती आतड्यात शोषलीच जात नाही, हे मला वर्षानं कळलं. नेदरलँडमध्ये एक अभ्यास झालाय २०१० साली, नव्वदेक पेशंट, त्यांनी तीच गोळी सकाळच्या ऐवजी रात्री झोपताना देऊन बघितली तर रात्रीवाल्यांचा टीएसएच जास्त चांगला आला. मी डॉक्टरांना विचारून रात्रीवर गेले, जेवणानंतर तीन तासांनी. सकाळचा चहा वाचला. संशोधनाचा एवढा थेट फायदा मला आयुष्यात दुसरा झालेला नाही.

आणि एक, गोळी बदलली की लगेच आठ दिवसांत टीएसएच करायला धावू नका. ते औषध रक्तातनं निम्मं व्हायलाच आठवडा लागतो, सगळं स्थिर व्हायला सहा-आठ आठवडे जातात. आधी केलेल्या रिपोर्टचे पैसे वाया. आमच्या आण्णांचं तर अजून वेगळं, बहात्तराव्या वर्षी सहज केलेल्या टेस्टमध्ये टीएसएच ६.४ आला आणि डॉक्टर म्हणाले गोळी नको. मी वाद घातला, मला तर लगेच दिलीत की. मग त्यांनी सांगितलं की पासष्टच्या पुढच्या, टीएसएच जरा वाढलेल्या ७३७ लोकांवर युरोपात चाचणी झाली, २०१७ ला छापून आली, निम्म्यांना थायरॉईडची गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची, कुणाला कुठली ते कुणालाच माहीत नाही, आणि वर्षानं बघितलं तर थकव्यात वगैरे दोन्हीकडं काही फरकच नाही. म्हणजे वय झालं की टीएसएच जरा वर सरकतो आणि नुसता आकडा खाली आणून माणसाला बरं वाटतंच असं नाही. आण्णा खूश झाले, त्यांना गोळ्या नकोच होत्या.

हे सगळं आकड्याचं पुराण आधी एवढ्यासाठी, की आमच्या घरात तो टीएसएचचा आकडा म्हणजे दहावीच्या निकालासारखा झाला होता. आणि त्याच आकड्यानं आत्तीला नऊ वर्ष पास करून घरी पाठवलं.

आत्ती तासगाव तालुक्यातली, गावाचं नाव नको. १९९१ ला धाकटीच्या वेळी घरातच बाळंत झाली. मी अकरा वर्षांची, सुट्टीला तिथंच होते. मला आठवतंय ते बाळाचं रडणं नाही, सुईणीचा आवाज आठवतोय, "आगं थांबंना की हे", आणि मग मामा, म्हणजे आत्तीचे मालक, टेम्पो बघायला पळत सुटलेले. टेम्पोत आत्तीला गोधडीवर निजवली आणि दुसरी गोधडी खाली घातली, मग तिसरी. तालुक्याला रक्त चढवलं, वाचली. चौथ्या दिवशी माझी आई आणि शेजारची काकू त्या गोधड्या येरळेवर धुवायला घेऊन गेल्या, येरळेला तेव्हा जरा पाणी होतं, मी काठावर बसून होते आणि आई मला म्हणाली तिकडं तोंड कर.

आत्ती घरी आली पण दूध आलं नाही. अजिबात नाही. डिंकाचे लाडू झाले, अळीवाची खीर झाली, शतावरी झाली, कुणीतरी दृष्ट काढली. थोरल्याच्या वेळी भरपूर होतं म्हणून सगळ्यांना जास्तच नवल. सासू म्हणायची हिचं लेकराकडं मनच न्हाई. धाकटी शेळीच्या दुधावर वाढली, आज चांगली तलाठी आहे, पण ते वाक्य आत्तीला आजही पाठ आहे. मग पाळी आली नाही, ती कधीच आली नाही. चोविसाव्या वर्षी. बायका म्हणायच्या सुटलीस बाई, कटकट गेली. आणि हळूहळू आत्ती विझत गेली, दुसरा शब्द नाही मला सापडत. आमची आत्ती म्हणजे शेतात भांगलायला दहा बायकांच्या पुढं असणारी, ती दुपारी भिंतीला टेकून बसायला लागली. रंग पांढरट पिवळा, कातडी कागदासारखी, चेहऱ्यावर बारीक सुरकुत्या, तिशीतच पन्नाशीची दिसायची. उन्हाळ्यात अंगावर शाल. घरात नाव पडलं, आळशी. मग पुढं जरा सभ्य नाव आलं, कमजोरी. सलाईन लावा, बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन द्या, दोन दिवस बरं. तीनदा तरी चक्कर येऊन ॲडमिट झाली, सोडियम कमी निघायचं, घरी सोडताना सांगायचे ताकात मीठ घालून प्या. पंचवीस वर्ष ताकात मीठ.

थायरॉईड बघा म्हणून कुणी ना कुणी सुचवायचंच, कारण लक्षणं ओरडून सांगत होती. बघितला की टीएसएच नॉर्मल. विषय बंद.

आता माझा पराक्रम. २०१६ ला आत्ती सांगलीला आमच्याकडं आठ-पंधरा दिवस राहायला आली. मी तिच्याकडं बघितलं आणि म्हटलं हे तर सगळं माझंच, तोच घोगरा आवाज, तीच थंडी, तेच कोरडं अंग, लॅबवाल्यांना काय कळतंय. माझ्याकडं पन्नासची जुनी बाटली होती, निम्मी शिल्लक. देवघराशेजारच्या फळीवर असायची. रोज सकाळी एक द्यायला लागले. कुणाला विचारलं नाही, आत्तीनं पण विचारलं नाही, भाची देतेय म्हटल्यावर तिनं घेतली. सहाव्या-सातव्या दिवशी तिचं खाणं बंद झालं, उलट्या सुरू झाल्या, नवव्या दिवशी बाथरूममधनं बाहेर येताना दारातच बसली आणि मला ओळखेना. ॲडमिट केली, सोडियम ११८, फारच कमी. डॉक्टरांनी विचारलं काही औषध चालू आहे का, मी म्हटलं नाही. भीतीनं म्हटलं. गोळी आपोआप बंद झाली कारण ती आयसीयूत होती, सलाईनबरोबर इंजेक्शनं गेली, त्यात काहीतरी लागू पडलं आणि पाच दिवसांत उठून बसली. मी बाटली कचऱ्यात टाकली आणि दोन वर्ष कुणाला काही बोलले नाही.

२०१८ च्या श्रावणात परत चक्कर. यावेळी मिरजेला नेली. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, वानलेस साहेबांनी १८९४ ला तिथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून कर्नाटकातनं सुद्धा माणसं येतात, आमच्याकडं "मिरजेला नेलंय" म्हटलं की ऐकणारा समजतो प्रकरण मोठं आहे. कुठला दवाखाना ते राहू दे. तिथं एक तरुण डॉक्टर होता, हार्मोनचा डॉक्टर, एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यानं ती पिशवी उघडली सुद्धा नाही. खुर्ची पुढं ओढली, आत्तीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, आणि विचारलं,

"मावशी, शेवटच्या बाळंतपणात रक्त लई गेलं होतं का?"

आत्ती माझ्याकडं बघायला लागली.

"आणि मग दूध आलं होतं का बाळाला?"

आत्ती रडायला लागली. सत्तावीस वर्षांत तिला हे डॉक्टर माणसानं पहिल्यांदा विचारलं होतं, आणि बाकी ज्यांनी विचारलं होतं त्यांनी ते टोमणा म्हणून विचारलं होतं. मग त्यानं पाळीचं विचारलं, मग जरा आवाज खाली करून काखेतल्या केसांचं विचारलं, आत्ती लाजली, म्हणाली कधीचे गेलेत, मला वाटलं वयानं जातात.

रक्त तपासलं ते पण सकाळी आठला, कारण कॉर्टिसोल म्हणून एक हार्मोन असतं ते सकाळी सगळ्यात जास्त असतं, तेव्हाच बघायचं. आत्तीचं आलं १.६. तीनच्या खाली असलं की जवळपास नक्की समजतात की शरीरात ते बनतच नाही. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉईडमधनं जे हार्मोन रक्तात येतं ते, ०.४, कमीत कमी असायला पाहिजे त्याच्या साधारण निम्मं. एफएसएच, म्हणजे पाळीच्या कामाचं पिट्युटरी ग्रंथीतलं हार्मोन, ३. हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण एक्कावन्न वर्षांच्या पाळी गेलेल्या बाईचं एफएसएच उलट चांगलं तीस-चाळीसच्या पुढं पाहिजे. आणि टीएसएच? २.६. नॉर्मल. एमआरआयमध्ये मेंदूखालच्या पिट्युटरीची, म्हणजे बाकीच्या ग्रंथींना हुकूम सोडणाऱ्या ग्रंथीची, जागा जवळजवळ रिकामी दिसली. एम्प्टी सेला म्हणतात. सेला म्हणजे खोगीर, कवटीच्या तळाला घोड्याच्या खोगिरासारखा खळगा असतो त्यात वाटाण्याएवढी पिट्युटरी बसलेली असते. आत्तीच्या खोगिरावर कुणी बसलेलंच नव्हतं.

मामांना काही कळेना. थायरॉईड कमी आहे म्हणता, मग इतकी वर्ष रिपोर्ट नॉर्मल कसा? डॉक्टरनं विचारलं, "ऊस घालता का कारखान्याला?" मामा म्हणाले घालतो की, तीन एकर. मग तो म्हणाला, हे बघा, थायरॉईड म्हणजे ऊसतोडीची टोळी. पिट्युटरी म्हणजे मुकादम. वर मेंदूत शेतकी ऑफिस आहे, तिथनं तोड निघते. टोळी ढिली पडली की मुकादम ओरडायला लागतो, जितकी ढिली तितका जास्त ओरडतो, तो आरडाओरडा म्हणजे टीएसएच. या तुमच्या भाचीची टोळी आजारी आहे, मुकादम ठणठणीत, म्हणून हिचा टीएसएच ३८. मावशींचं उलटं, टोळी धडधाकट आहे, फडात बसून आहे कोयते घेऊन, पण मुकादमच सत्तावीस वर्षांपूर्वी गेलाय. ओरडणार कोण? तुम्ही बांधावर उभं राहून कान देताय, आवाज नाही, म्हणून म्हणताय सगळं बरोबर चाललंय. गव्हाणीत ऊस पडतोय का ते कुणी बघितलंच नाही.

गव्हाणीतला ऊस म्हणजे फ्री टी-फोर. ती टेस्ट तेव्हा दोन-तीनशे रुपयांत व्हायची.

मामा म्हणाले, "मग आकडा शून्य यायला पायजे हुता." मला पण तोच प्रश्न होता. तर म्हणे तसंही नाही, ग्रंथीचा थोडा तुकडा उरलेला असतो, तो काहीबाही टीएसएच सोडतो, यंत्रात मोजला जातो पण त्यात जोर नसतो. मेलेल्या मुकादमाचा पोरगा बसलाय म्हणा, आवाज आहे पण टोळी ऐकत नाही.

याला शीहान सिंड्रोम म्हणतात. हॅरॉल्ड शीहान नावाचा पॅथॉलॉजिस्ट, ग्लासगोच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात काम करायचा, त्यानं १९३७ ला बाळंतपणात रक्तस्राव होऊन मेलेल्या बायकांच्या पिट्युटरी तपासून हे लिहिलं. गरोदरपणात ही ग्रंथी वाढते, दूध आणायची तयारी चाललेली असते ना, पण तिला रक्त येतं ते अगदी कमी दाबाच्या शिरांतनं, त्यामुळं बाईचं रक्त धडाधड गेलं आणि बीपी पडलं की सगळ्यात आधी मार तिला बसतो. मरते ग्रंथी आणि बाई जगते. मग तिच्या हाताखालचं एकेक खातं बंद, दुधाचं, पाळीचं, थायरॉईडचं, कॉर्टिसोलचं. श्रीमंत देशांत बाळंतपणं सुधारली तसा हा आजार पुस्तकापुरता उरला, आपल्याकडं नाही. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी २००५ ला अभ्यास छापला, त्यांच्या अंदाजानं तिथल्या वीस वर्षांवरच्या बाळंत झालेल्या बायकांत शंभरात तीन, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त घरी बाळंत झालेल्या. शंभरात तीन! निदानाला कुठं दहा वर्ष लागतात, कुठं वीस. उलट २०१३ चा आपल्याकडच्या आठ शहरांचा मोठा अभ्यास आहे, ५३७६ माणसं, त्यात शंभरात जवळपास अकरा हायपोथायरॉईड, म्हणजे थायरॉईड कमी पडणारे, निघाले, तो आकडा सगळीकडं छापून येतो. पण त्यात हायपो कुणाला धरलंय, तर ज्याला आधीच थायरॉईड आहे म्हणून माहीत आहे त्याला, नाहीतर ज्याचा टीएसएच वाढलेला निघाला त्याला. मी त्या अकरांत बसते. आत्ती त्या जाळ्यातनं सरळ पलीकडं जाते.

टीएसएचला शिव्या घालायच्या नाहीत मला, तो मोजता येणं हीच केवढी गोष्ट आहे. रक्तातली एवढीशी हार्मोनं मोजायची पद्धत रोझलिन यॅलो बाईंनी आणली, त्यांना १९७७ चं नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी त्याच नोबेलचा दुसरा अर्धा भाग गियमँ आणि शॅली या दोघांना मिळाला, म्हणजे ते शेतकी ऑफिस शोधणाऱ्यांना. एकानं मेंढ्यांचे आणि दुसऱ्यानं डुकरांचे मेंदू कत्तलखान्यातनं लाखांनी गोळा केले आणि त्यातनं चिमूटभर पदार्थ काढला जो पिट्युटरीला टीएसएच सोडायला सांगतो. वर्षानुवर्ष दोघांची नुसती जुंपलेली. मेंढ्यांचा या शास्त्रावर उपकारच आहे म्हणा, कारण गोळी यायच्या आधी १८९१ ला मरे नावाच्या इंग्लिश डॉक्टरनं एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, ती नंतर २८ वर्ष जगली. दुसऱ्या एकानं तर सांगितलं टोचायची गरज नाही, मेंढीची थायरॉईड जरा परतून आठवड्यातनं एकदा खायला द्या. हे मी आमच्या घरात वाचून दाखवलं तर आण्णा म्हणाले, मग आपल्या मटणाच्या रश्श्यात काय असतंय?

असो. औषधाच्या चिठ्ठीवर डॉक्टरनं आधी हायड्रोकॉर्टिसोन लिहिलं, म्हणजे कॉर्टिसोलचीच गोळी, स्टेरॉईड, सकाळी दहा मिलीग्रॅम, दुपारी पाच. थायरॉईडची गोळी लिहिलीच नाही. मी विचारलं ती विसरली का. तो म्हणाला विसरलो नाही, ती आठवड्यानं, आधी स्टेरॉईड. उलटं केलं तर माणूस जाऊ शकतो. थायरॉईडची गोळी शरीराचा वेग वाढवते, असलेलं थोडंसं कॉर्टिसोल पण भराभर संपवून टाकते, आणि मग उलट्या, बीपी खाली, सोडियम खाली, बेशुद्ध.

मी ओपीडीच्या त्या निळ्या खुर्चीवर बसले होते, हातात आत्तीची पर्स. नववा दिवस, बाथरूमचं दार. मी तिथंच सांगून टाकलं. मामांच्या समोर. डॉक्टर काही बोलला नाही, केसपेपरवर दोन ओळी लिहिल्या. मामा पण काही बोलले नाहीत, ते अजून बोललेले नाहीत. आत्ती बाहेर आल्यावर म्हणाली, "आगं तू बरुबर वळाखलं हुतंस की, नुसतं पुढचं मागं झालं." तिच्या या माफीनं मला जास्तच लाजल्यासारखं होतं.

गोळ्या सुरू झाल्या आणि चौथ्या दिवशी आत्तीनं दोन भाकरी मागून खाल्ल्या. महिन्यानं चेहऱ्यावर रक्त दिसायला लागलं. नातेवाईक आले की घाबरवायचे, स्टेरॉईड म्हणजे वाईट, हाडं जातात, शुगर होते, आयुर्वेदिक बघा. तिला सांगून सांगून मी दमले की दुसऱ्यांना वरनं जादा देतात ते वेगळं, तुझ्यात जे बनत नाही तेवढंच भरून काढायचंय, मीठ संपलं म्हणून मीठ आणतो तसं. एक नियम मात्र तिनं घोकून पाठ केलाय, ताप आला तर स्टेरॉईडची गोळी दुप्पट, उलटी होऊन गोळी पडली तर इंजेक्शन, आणि बंद कधीच नाही. पर्समध्ये मराठीत लिहिलेला कागद असतो, लॅमिनेट करून. आणि तिच्या तपासणीत आता टीएसएच बघायचाच नाही, फ्री टी-फोर बघायचा, तरी प्रत्येक लॅबवाला "थायरॉईडचं म्हणजे टीएसएच ना मॅडम" म्हणून विचारतोच.

२०१९ च्या महापुरात ती आमच्याकडंच होती. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं, आम्ही घर सोडून विश्रामबागेत नणंदेच्या दुसऱ्या मजल्यावर दहा माणसं. गडबडीत मी बँकेची पुस्तकं घेतली, दागिने घेतले, लोणच्याची बरणी सुद्धा घेतली, कशाला ते माहीत नाही, आणि आत्तीची पुडी राहिली. तिच्या पर्समध्ये दोन दिवसांच्या गोळ्या. मेडिकल उघडी होती ती दोनच, आणि हायड्रोकॉर्टिसोन काही प्रत्येकाकडं नसतं. डॉक्टरांना फोन लावला, आठ-दहा वेळा लावल्यावर लागला, ते म्हणाले प्रेडनिसोलोन पाचची कुठंही मिळेल, सकाळी एक द्या, माल येईपर्यंत. मिळाली. पट्टी फार तर दहा-पंधरा रुपयांची. त्या आठवड्यात सांगलीत दूध, पाणी, पेट्रोल सगळ्याला रांगा होत्या आणि मी ती एक पट्टी ब्लाऊजमध्ये ठेवून झोपायचे.

गेल्या वर्षी मिरजेला फॉलोअपला गेलो तर एक शिकाऊ डॉक्टर मुलगी आली, तिचा थिसिस होता, शीहानच्या बायकांच्या हाडांची घनता बघायचा. आत्ती बसेल का त्यात? आत्ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हंजी माझ्यावर प्रयोग?" मुलगी हसली, म्हणाली मावशी औषध काही नवीन नाही, एक हाडांचा स्कॅन, थोडं रक्त, आणि चार पानांचे प्रश्न. मग ते संमतीपत्र. मी हिशेबातली बाई, कागद वाचल्याशिवाय सही करत नाही. मराठी असं की सरकारी परिपत्रक परवडलं, "सदर अभ्यासातील आपला सहभाग सर्वस्वी ऐच्छिक असून", पण आत चांगल्या गोष्टी होत्या, कधीही बाहेर पडता येतं, पडलं तरी उपचार बंद होत नाहीत, नाव कुठं छापणार नाहीत, एथिक्स कमिटीचा नंबर. आपल्याकडं माणसांवरच्या औषधाच्या चाचण्या सरकारच्या सीटीआरआय रजिस्टरवर आधी नोंदवाव्या लागतात, २००९ पासून सक्तीचं आहे, कुणालाही ऑनलाईन बघता येतं. आत्तीनं सही केली, अंगठा नाही, सही, सातवीपर्यंत शिकलीय ती. सावकाश, पूर्ण नाव, सासरचं.

प्रश्नांच्या कागदात एक होता, "गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला किती वेळा उत्साही वाटले?" आत्ती म्हणाली, "कुणाच्या मानानं?" मुलीनं पेन खाली ठेवलं. मग आत्तीच म्हणाली, लिही, बऱ्याच येळा.

जाताना त्या मुलीनं सहज विचारलं, तुमच्या गावात अजून अशा कुणी बायका आहेत का. सहजच. पण आमची आत्ती ते कामच घेऊन बसली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण देता देता, गिरणीत दळणाच्या नंबरात, तिचा एकच प्रश्न, शेवटच्या येळी दूध आलं हुतं का गं? सुरुवातीला बायका बिचकल्या. मग बोलायला लागल्या. एकीला घेऊन आली, तिचं हिमोग्लोबिन सात निघालं, हार्मोन सगळी चांगली, लोहाच्या गोळ्यांवर सुधारली. दुसरी वरल्या आळीतली, साठीच्या पुढची, आत्तीच्याच वर्णनाची, मे महिन्यात कानाला रुमाल बांधून बसणारी. तिचा पोरगा म्हणतोय आता या वयात कशाला उकरताय, रिपोर्ट केलाय की मागं, थायरॉईड नॉर्मल आहे. आत्ती दर बाजारादिवशी तिच्या सोप्यात जाऊन बसते.

काल रात्री फोन आला. "सोमवारी आणते तिला. पोरगा तयार झालाय. उपाशी आणू का च्या पिऊन?"

"उपाशीच आण. आणि रक्त आठच्या सुमाराला द्यायचंय, उशीर नको."

"म्हंजी पैल्या यष्टीनं निघायला पायजे," आत्ती म्हणाली, आणि तिकडं कुणाला तरी ओरडून सांगितलं की रविवारी रात्रीच भाकरी बांधून ठेवा.